सुलैबिखातचा रस्ता

शनिवार, १६ डिसेंबर २०२३. सालमियातल्या एका घरी मंडळाच्या बालनाट्याची तालीम चालली होती. सोफे भिंतीला सरकवलेले, मधल्या जागेत आठदहा मुलं, आणि माझ्यासारखे दोनतीन पालक चहाचे कप घेऊन कोपऱ्यात. मुलं आपापले संवाद विसरण्यात रमली होती. तेवढ्यात आतल्या खोलीतून वहिनी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "टीव्हीवर कुराण लागलंय."

इथे बरीच वर्षं काढलेल्यांना याचा अर्थ सांगावा लागत नाही. कुवेत टीव्हीवरचा चालू कार्यक्रम मध्येच थांबून कुराणपठण सुरू झालं, की बातमी यायच्या आधीच बातमी कळते. २०२० साली असंच झालं होतं. थोड्या वेळाने अमिरी दिवाणाची घोषणा झाली. अमीर शेख नवाफ अल-अहमद अल-सबाह वयाच्या ८६ व्या वर्षी निवर्तले होते. चाळीस दिवसांचा दुखवटा, सरकारी कचेऱ्या तीन दिवस बंद. तालीम थांबली. आपले कार्यक्रम पुढे ढकलावे लागणार, हॉलवाल्याला फोन करायला हवा, अशी कुजबुज सुरू झाली. (मरणाच्या घरीसुद्धा कोणीतरी हिशेबाला बसतोच. आपल्या मंडळात तो मान माझ्याकडे असतो.)

नाटकात प्रधानजी झालेला सातवीतला एक मुलगा माझ्याजवळ आला. "काका, मग आता त्यांना कुठे ठेवणार? खूप मोठी लाइन लागेल ना?"

त्याने आदल्या वर्षी इंग्लंडच्या राणीची रांग टीव्हीवर पाहिली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये शवपेटी चार दिवसांहून जास्त ठेवलेली होती, थेम्स नदीच्या काठाने मैलोगणती माणसं उभी होती, सुमारे अडीच लाख लोक तिच्यापुढून गेले. त्याच्या आधी, त्याच वर्षी फेब्रुवारीत, त्याने आजीच्या मांडीवर बसून लतादीदींचं शिवाजी पार्क पाहिलं होतं. मोठं माणूस गेलं की त्याला मध्यभागी ठेवतात आणि बाकीचे रांगेत उभे राहतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"इथे ठेवत नाहीत," मी म्हटलं.

"मग लोक बघणार कसे?"

त्याला तेव्हा काहीतरी थातुरमातुर सांगून मी वेळ मारून नेली. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं जरा लांबलेलं उत्तर आहे. तो मुलगा आता नववीत आहे, त्याने हे वाचावं अशी अपेक्षा नाही. त्याच्या आजीने वाचलं तरी पुरे.

आमचं गाव कराडजवळचं. आमच्याकडे कोणी गेलं की त्याच्या अंत्यविधीला जाण्याला 'मातीला जाणं' म्हणतात. आम्ही देह जाळतो, पुरत नाही, तरी शब्द मातीचाच. "आज मातीला जायचंय, उद्या रानात येतो." आणि मातीला जाऊन आलेल्या माणसाला, पायावर पाणी घेऊन तो ओट्यावर टेकला की घरातली बाई पहिला प्रश्न विचारते, "तोंड बघाय मिळालं का?" लेक मुंबईहून यायची असली की तिच्यासाठी थांबायचं. उन्हाळा असला तर बर्फाच्या लाद्या आणायच्या. लेक शिवेवरून हंबरडा फोडत येते, तिच्यासाठी तोंडावरचं कापड बाजूला होतं, आणि मगच तिरडी उचलायची. एखादा उशिरा पोचला आणि त्याला तोंड दिसलं नाही, तर ती रुखरुख त्याच्या बोलण्यात पुढची वीस वर्षं येत राहते.

आपल्या मोठ्या माणसांचं अंत्यदर्शन हे या घरगुती रीतीचंच मोठं रूप. टिळक गेले १ ऑगस्ट १९२० ला, मुंबईच्या सरदारगृहात. लोकांना दर्शन व्हावं म्हणून देह पद्मासनात बसवला होता. भर पावसात लाखो माणसं लोटली आणि खास परवानगी काढून गिरगाव चौपाटीवर दहन झालं. बाबासाहेब गेले दिल्लीत, ६ डिसेंबर १९५६ ला. देह विमानाने मुंबईला आणला, दादरच्या राजगृहात ठेवला, आणि ७ तारखेला दादरच्या चौपाटीवर अग्नी दिला. त्या जागेची चैत्यभूमी झाली. आजही दर ६ डिसेंबरला लाखो लोक तिथे येतात, त्यातल्या बहुतेकांचा जन्म १९५६ नंतरचा आहे. गोव्यात मनोहर पर्रीकर गेले तेव्हा, मार्च २०१९ मध्ये, पणजीच्या कला अकादमीत देह ठेवला होता आणि मिरामारला दहन झालं. जागा बदलते, पण रांग तीच, काचेची पेटी तीच, पुढे सरका म्हणणारा पोलीसही तोच.

यशवंतराव चव्हाण गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. २५ नोव्हेंबर १९८४ ला ते दिल्लीत वारले आणि कराडला, कृष्णा-कोयनेच्या संगमावर, त्यांचा अंत्यविधी झाला. वडील मला घेऊन गेले. यशवंतरावांचा आणि आमच्या घराचा संबंध एवढाच, की वडिलांनी त्यांची तीन भाषणं ऐकली होती आणि एकदा ते गाडीतून जाताना याच्याकडे बघून हात हलवला, असं वडिलांचं ठाम म्हणणं होतं. संगमाकडे जाणाऱ्या रस्त्याला माणसांचा नुसता पूर. वडिलांनी मला खांद्यावर घेतलं. गाडी जवळून गेली तेव्हा ते खालून ओरडले, "दिसलं का? तोंड दिसलं का?"

मला फुलं दिसली. खूप फुलं, आणि त्यांच्या भोवती लोकांची डोकी.

"दिसलं," मी म्हटलं. वडील खूश झाले. पुढे कितीतरी वर्षं ते पाहुण्यांना सांगायचे, माझ्या पोरानं साहेबांचं शेवटचं तोंड पाहिलंय.

मी कुवेतला आलो २००३ मध्ये, शुवैखच्या औद्योगिक भागातल्या एका बांधकाम कंपनीत. तीन वर्षांतच पहिल्यांदा टीव्हीवर कुराण लागलेलं पाहिलं. १५ जानेवारी २००६, रविवार, म्हणजे कामाचा दिवस (तेव्हा इथली सुट्टी गुरुवार-शुक्रवार असायची, शुक्रवार-शनिवार झाली ती २००७ मध्ये). पहाटे अमीर शेख जाबेर अल-अहमद गेले होते. इराकी आक्रमणाच्या काळातले अमीर. त्या सात महिन्यांची आठवण असलेली प्रत्येक कुवेती व्यक्ती त्या दिवशी घरातलंच माणूस गेल्यासारखी दिसत होती. आमचे मुदीर, म्हणजे साहेब, एरवी आवाजाने साइट हलवणारा माणूस, ऑफिसच्या पायरीवर गप्प बसून होते.

मी मनाशी धरून चाललो होतो, की आता दोनतीन दिवस देह कुठल्यातरी राजवाड्यात ठेवतील, परदेशातले राजे येतील, मग मिरवणूक निघेल. आमच्या इजिप्शियन फोरमनने मला वेड्यात काढलं. "आजच," तो म्हणाला. "चल, यायचं असेल तर."

आम्ही कंपनीच्या पिकअपमधून निघालो. शुवैखहून जहराच्या दिशेला लागलं की पुढे सुलैबिखात येतं, तिथे मोठं कब्रस्तान आहे. रस्ता गाड्यांनी भरलेला, लोक गाड्या कशाही सोडून पायी निघालेले. आम्हीही उतरून चालू लागलो. हजारो माणसं, बहुतेक पांढऱ्या-करड्या दिशदाशातली, आणि सगळ्यांची पावलं झपझप. आपल्याकडे अंत्ययात्रा सावकाश चालते. इथे जनाजा लवकर न्यावा, गेलेल्याला ताटकळत ठेवू नये, अशी शिकवण आहे. मला दुरून एकदाच दिसलं: डोक्यांच्या वर हातांनी पुढे जाणारं, कुवेतच्या झेंड्यात गुंडाळलेलं काहीतरी. हिरवा, पांढरा, लाल, काळा. मग तेही दिसेनासं झालं. वारस शेख साद स्वतः आजारी होते, ते चाकांच्या खुर्चीतून आले होते, हे नंतर टीव्हीवर पाहिलं.

झालं एवढंच. पहाटे गेलेला देशाचा प्रमुख त्याच दिवशी जमिनीत होता. तोफगाडा नाही, पुष्पचक्रं नाहीत, चेहरा कोणाला दाखवलेला नाही. परतताना मी फोरमनला विचारलं, तोंड कोणी बघतं की नाही? तो म्हणाला, बघतात की, घरचे बघतात. अंघोळ घालतात तेव्हा, कफन बांधायच्या आधी. मुलगा, भाऊ, जवळचा एखादा मित्र. कपाळाचं चुंबन घेतात आणि झाकून टाकतात. "बाकीच्यांचं तिथे काय काम?" असं त्याने मला उलट विचारलं, आणि मला खरंच काही सुचलं नाही.

हे सगळ्या मुसलमान देशांत असंच असतं असं समजू नये. १९७० साली कैरोत नासेरच्या अंत्ययात्रेला लाखोंचा समुद्र लोटला होता, आणि तेहरानचीही चित्रं आपण पाहिलेली आहेत. आखातातली रीत मात्र साधेपणाची. सौदीचे राजे फहद २००५ मध्ये गेले आणि अब्दुल्ला २०१५ मध्ये. दोघांनाही रियाधच्या अल-औद कब्रस्तानात, नाव न कोरलेल्या साध्या कबरीत पुरलं. जगातल्या सर्वात श्रीमंत माणसांपैकी एकाला नुसत्या कापडात गुंडाळून इतरांच्या शेजारी. कुवेतमध्ये अमिरांच्या पेटीवर वा देहावर झेंडा असतो, पण कबरीच्या बाबतीत फारसा फरक नाही. समाधी नाही, घुमट नाही, दरवर्षीची जत्रा नाही. शेख जाबेरांचं नाव पाहायचं तर इस्पितळावर पाहा, स्टेडियमवर पाहा, सुबियाकडे जाणाऱ्या समुद्रातल्या पुलावर पाहा, आपण नाटकं बघायला जातो त्या सांस्कृतिक केंद्रावर पाहा. कबरीवर पाहायला कोणी जात नाही.

आता याच रस्त्यावरची दुसरी गोष्ट. शुवैखहून सुलैबिखातकडे जाताना, कब्रस्तानाच्या बरंच अलीकडे, सबाह आरोग्य संकुल लागतं. तिथली मॉर्च्युरी आपल्यातल्या अनेकांना माहीत आहे, नसेल तर बरंच आहे. आपल्यापैकी कोणी इथे गेलं तर कागदपत्रं होईपर्यंत देह तिथे असतो. मृत्यूचा दाखला, दूतावासाचं पत्र, व्हिसा रद्द करणं, देह टिकवण्याची प्रक्रिया, पेटी, विमानाचं कार्गो. आणि निघायच्या दिवशी व्हॉट्सअॅपवर संदेश फिरतो: पब्लिक व्ह्यूइंग, सबाह मॉर्च्युरी, दुपारी अमुक ते अमुक.

हा शब्द इथे रुजवला केरळच्या लोकांनी. त्यांच्या संघटना यात फार व्यवस्थित. पुष्पचक्र, छापलेला फोटो, दोन शब्द बोलणारा पदाधिकारी. म्हणजे बघा, ज्या देशात अमिराचं सार्वजनिक दर्शन होत नाही, त्याच देशात, त्याच रस्त्यावर, फरवानियातल्या एका नर्सचं आणि अब्बासियातल्या एका वेल्डरचं होतं. मला हे कळलं त्या दिवशी मी कितीतरी वेळ हसत होतो, आणि मग हसणं थांबलं.

कारण आमचाही एक जण तिथे ठेवलेला मी पाहिला आहे. गुहागरकडचा, आमच्या कंपनीत ड्रायव्हर, चाळिशीचा. मंगाफच्या खोलीत रात्री झोपला तो उठलाच नाही. आम्ही वीसबावीस जण जमलो. पेटीचं झाकण उघडलं होतं. नाकात कापूस, चेहरा थोडा सुजलेला, पण ओळखू येणारा. कोणाला काय बोलावं कळेना. आपण मराठी माणसं अशा वेळी एकमेकांना पार्किंग कुठे मिळालं ते विचारतो. मंगाफमध्येच राहणाऱ्या त्याच्या मेहुण्याने मोबाइल काढला, बहिणीला पाठवायला फोटो घेतला, आणि बराच वेळ तसाच धरून उभा राहिला. शेवटी पाठवला नाही. म्हणाला, तिला तिकडे पेटी उघडल्यावर बघू दे, आधी यातून नको. मग एकेक जण पुढे झालो. मी चेहऱ्याकडे नीट पाहिलं, कारण गावी त्याच्या घरचे विचारणार, तुम्ही बघितलात का, कसा दिसत होता? आणि कोणीतरी सांगायला हवं, शांत झोपल्यासारखा होता.

जून २०२४ मधली मंगाफची आग तुम्हाला आठवत असेल. कामगारांच्या इमारतीत पहाटे लागलेली. कितीतरी भारतीय त्यात गेले. वायुदलाच्या विमानाने पेट्या कोचीला नेल्या, विमानतळावर त्या ओळीने मांडल्या, मुख्यमंत्र्यांनी फुलं वाहिली. त्या पेट्या बंदच होत्या. काहींची ओळख डीएनए तपासून पटवावी लागली होती. तिथे अंत्यदर्शन हा शब्द वापरणाऱ्या वृत्तनिवेदकाचा मला राग आला. त्याचीही चूक नव्हती म्हणा, आपल्याकडे दुसरा शब्द कुठला आहे?

२०२० वर यायचं मी टाळतो आहे हे माझ्या लक्षात आलं आहे.

२९ सप्टेंबर २०२० ला अमीर शेख सबाह अल-अहमद अमेरिकेत, मिनेसोटातल्या रोचेस्टरला, उपचार घेत असताना गेले. ९१ वर्षांचे होते. जून २०१५ मध्ये इमाम सादिक मशिदीत स्फोट झाला, २७ माणसं गेली, तेव्हा सुरक्षेची पर्वा न करता थेट तिथे पोचलेले हेच ते अमीर. ती मशीद शियांची. त्यांनी मृतांसाठीची अझा, म्हणजे सांत्वनाची बैठक, सुन्नी-शिया असा भेद न ठेवता शहरातल्या सरकारी मोठ्या मशिदीत भरवायला लावली, आणि स्वतः राजघराण्यातले लोक सांत्वन स्वीकारायला उभे राहिले. तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं की इथली रांग कुठे लागते. ती मृतापुढे लागत नाही. ती जिवंतांपुढे लागते.

असो. ३० सप्टेंबरला कुवेत एअरवेजच्या विमानाने देह आला. करोनाचे दिवस, त्यामुळे सिद्दीक भागातल्या बिलाल बिन रबाह मशिदीतली प्रार्थना आणि सुलैबिखातचं दफन नातेवाइकांपुरतंच ठेवलं होतं. आम्ही सगळे आपापल्या फ्लॅटमध्ये टीव्हीपुढे. भारतानेही ४ ऑक्टोबरला एक दिवसाचा राजकीय दुखवटा पाळला. शहरात शुकशुकाट होता, आणि मला २००६ ची ती झपझप पावलं आठवत राहिली.

त्यानंतर पंधरवड्याने वडील गेले. करोनाने नाही, झोपेत, हृदयक्रिया थांबून. इथे पहाटेचे पाच वाजले होते, गावी साडेसात. जायचं म्हटलं तर वेळेत पोचणं शक्यच नव्हतं, आणि गेलो असतो तरी परतायची वाट बिकट होती. भारतातून कुवेतला थेट यायला बंदी, मध्ये दुबईत चौदा दिवस काढायचे आणि मग तपासणी. गावात वीसच माणसांना परवानगी. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एकही माती चुकवली नाही, त्याच्या मातीला मोजून वीस.

धाकट्या भावाने व्हिडिओ कॉल लावला. ओटा दिसला, शेजारच्या काकू दिसल्या, मग झेंडूची फुलं दिसली आणि चित्र थिजलं. आवाज येत होता. कोणीतरी म्हणालं, तोंडात तुळशीचं पान घाला. मी इकडून ओरडतोय, अरे फोन जरा खाली कर, आणि पडद्यावर तीच फुलं. मग पत्र्याचं छप्पर. मग आभाळ. मग कॉल तुटला, परत लागला तेव्हा तिरडी वेशीबाहेर गेली होती.

संध्याकाळी आईचा फोन आला. तिने विचारलं, "दिसलं का रं तोंड?"

"दिसलं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मुदीरांचा फोन आला. अझाच्या बैठकांना त्या वेळी बंदी होती. ते म्हणाले, "अज्जम अल्लाह अज्रकुम," देव तुम्हाला या दुःखाचं मोठं फळ देवो. अर्थ मला माहीत होता, उत्तर माहीत नव्हतं. मी नुसतं शुक्रान म्हटलं. थोडं थांबून ते म्हणाले, मला तुझ्या घरी यायला हवं होतं, येता येत नाही, हे मी तुझं देणं लागतो. मला तो तेव्हा नुसता शिष्टाचार वाटला.

गेल्या हिवाळ्यात मुदीरांचे वडील गेले. नव्वदीपार होते. वर्तमानपत्रातल्या निधनवार्तांत नाव, वय, आणि खाली पुरुषांसाठी अझा कुठे, स्त्रियांसाठी कुठे, असं छापून आलं. पुरुषांसाठी कब्रस्तानातच, स्त्रियांसाठी घरी. (बायकांनी स्मशानात न जाणं आपल्याकडेही होतंच की, तेव्हा नाकं मुरडायला नकोत.) मी दुपारच्या नमाजनंतरच्या वेळेला सुलैबिखातला पोचलो. अठरा वर्षांनी त्या फाटकातून आत जात होतो. दफन चालू होतं तिकडे मी गेलो नाही, बाजूला उभा राहिलो. समोर दूरवर सपाट जमीन, ठेंगण्या ठेंगण्या खुणा, मधून वाळूचे ताजे उंचवटे. माझ्या इथल्या वास्तव्यात गेलेले अमीर त्या जमिनीत आहेत. एखादी कमान, एखादं कुंपण, काही दिसतं का म्हणून मी मान उंच करून पाहिलं. शेजारी आमच्याच ऑफिसातला एक तरुण कुवेती उभा होता. त्याला विचारलं, अमिरांची कबर कुठे? त्याने हात केला तो अर्ध्या कब्रस्तानाकडे. "तिकडे," तो म्हणाला. "माझे आजोबाही तिकडेच."

मग रांग लागली. मुदीर, त्यांचे चार भाऊ, मोठी झालेली मुलं, ओळीने उभे. लोक पुढे जातात, हात हातात घेतात, जवळचे खांद्याचं चुंबन घेतात, तेच दोन शब्द म्हणतात आणि पुढच्याकडे सरकतात. कोणी रडत नाही. कोणी भाषण करत नाही. पण ओळीतला एकही हात चुकवायचा नाही. मंत्री आला तरी तसाच, आमच्या साइटवरचा बांगलादेशी हेल्पर आला तरी तसाच. मी घोकून गेलो होतो. मुदीरांपुढे आलो, "अज्जम अल्लाह अज्रकुम" म्हटलं. त्यांनी माझा हात सोडला नाही. मागची रांग थांबली. ते इंग्रजीत म्हणाले, तुझ्या वडिलांच्या वेळचं मी विसरलेलो नाही. आणि त्यांनी मोठ्या मुलाला वळून सांगितलं, याचेही वडील गेले, तेव्हा मला जाता आलं नव्हतं, याला सलाम कर. त्या मुलाने माझाही हात हातात घेऊन तेच दोन शब्द मला म्हटले. चार वर्षांनी. मी त्यांच्या वडिलांच्या अझाला गेलो होतो आणि माझ्या वडिलांची अझा घेऊन परतलो.

गाडीत बसल्यावर आईला फोन लावला. ती आता ऐंशीची आहे, कान थोडे गेलेत, बाकी सगळं शाबूत. सांगितलं, मुदीरांच्या वडिलांच्या मातीला गेलो होतो.

"तोंड बघाय मिळालं का?"

"नाही. इथं झाकलेलंच असतंय, आई. घरचेच बघतात."

"आसं व्हय." जरा वेळ ती काही बोलली नाही. सबाह इस्पितळाचा सिग्नल लागला होता. माहीत नाही काय झालं, मी बोलून गेलो, "आई, अण्णांचंबी तोंड मला दिसलं नव्हतं. तवा मी खोटं बोललो."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "धाकल्यानं फोन उलटा धरला हुता. म्या बगत हुते की." मग म्हणाली, "जेवलास का?"

सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न वाजवला, इथे तो वाजवतातच. मी म्हटलं, घरी पोचून जेवतो.